नीळभट्टाचा रंग कोणता? भडोचच्या बंदरापासून वैनगंगेच्या काठापर्यंत

मराठी गद्याच्या आद्य ग्रंथात भंडाऱ्याचा एक माणूस भेटतो. त्याचे नाव नीळभट्ट. गावावरून ग्रंथ त्याला ‘भांडारेकार’ म्हणतो. आज या नावातला पहिला शब्द वाचताच डोळ्यांपुढे निरभ्र आकाश उभे राहते. तेराव्या शतकात वैनगंगेच्या काठी राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे मात्र आकाश आले असते, असे मानण्यास फारसा आधार नाही. ‘नीळ’ हा शब्द तेव्हा कोणता रंग दाखवत होता, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण एकोणिसाव्या शतकात याच प्रश्नावरून प्राचीन माणसांच्या डोळ्यांविषयीच शंका घेतली गेली होती.

प्रथम ग्रंथाविषयी. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीचक्रधरांच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. ज्यांनी चक्रधरांना पाहिले, ऐकले, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी एकेक लीळा मिळवली. ग्रंथाचे एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे भाग आहेत. एकांकात चक्रधरांच्या एकाकी भ्रमंतीचा काळ येतो आणि त्या भ्रमंतीतच भंडारा येतो. तेथे नीळभट्ट त्यांना भेटला आणि त्यांच्या मागे निघाला. चक्रधरांच्या अगदी आरंभीच्या अनुयायांत त्याची गणना होते. पुढे पैठण, रिद्धपूर, डोमेग्राम अशी स्थाने आणि नागदेव, महदाइसा अशी माणसे चरित्र व्यापून टाकतात. भंडाऱ्याचा हा पहिला सोबती मागे पडतो.

चक्रधर स्वतः आले होते समुद्राच्या बाजूने. महानुभाव परंपरेनुसार ते भडोचच्या प्रधानाचे पुत्र, पूर्वाश्रमीचे नाव हरिपाळदेव. रामटेकच्या यात्रेचे निमित्त सांगून त्यांनी घर सोडले आणि ते विदर्भात उतरले. नर्मदेच्या मुखाजवळचे भडोच म्हणजे प्राचीन भृगुकच्छ. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत याच बंदराला बॅरिगाझा म्हटले आहे. पैठण तेथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचेही ती पुस्तिका सांगते. थोडक्यात, भडोच आणि दख्खन यांना जोडणारी वाट हरिपाळदेवांच्या आधी किमान बारा शतके वापरात होती.

वाटेच्या या टोकाला, वैनगंगेच्या काठी, त्या काळी काय होते? रतनपूरच्या कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याच्या इ. स. १११४ च्या शिलालेखात त्याला खंडणी देणाऱ्या प्रदेशांची नावे आहेत. त्यांत वैरागर आणि लांजिका यांच्यासोबत ‘भाणार’ येते. वैरागर म्हणजे आजच्या गडचिरोलीतले वैरागड, लांजिका म्हणजे बालाघाटातली लांजी आणि भाणार म्हणजे भंडारा, अशी ओळख अभ्यासकांनी पटवली आहे. म्हणजे चक्रधर येथे पोचले तेव्हा हे गाव शिलालेखात नोंदले जाऊन शतकाहून अधिक काळ लोटला होता. वैनगंगेच्याच काठाने खाली गेले की पवनी लागते. तेथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी केलेल्या उत्खननात मोठा बौद्ध स्तूप उघडा झाला. त्याच्या कठड्यांच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. या जिल्ह्याला ‘आडबाजूचा’ म्हणण्याची सवय अलीकडची आहे. नदीच्या मार्गाने तो दोन हजार वर्षे जगाशी जोडलेला होता.

आता रंगाकडे वळू.

‘अमरकोश’ उघडला तर ‘नील’ हा शब्द आपल्याला वाटतो त्या खणात सापडत नाही. तेथे तो कृष्ण, असित, श्याम, काल, मेचक यांच्या ओळीत बसलेला आहे. म्हणजे काळ्याच्या पर्यायांत. पांढऱ्याचे, पिवळ्याचे, हिरव्याचे आणि तांबड्याचे वेगळे गट आहेत. निळ्याचा स्वतंत्र गट नाही. शतरुद्रियातला रुद्र ‘नीलग्रीव’ आहे आणि काव्यांतले पावसाळी मेघ नील आहेत. पाणी भरून काळवंडलेला मेघ कोणीही आकाशी रंगाचा म्हणणार नाही. स्त्रियांचे केस नील, भुंगे नील, दाट वनराजीही नील.

या प्रकाराने युरोपातले काही विद्वान चक्रावले. आधी प्रकरण होमरचे होते. पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनने १८५८ मध्ये होमरवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात एक विचित्र गोष्ट नोंदवली : या कवीकडे समुद्राचे एवढे वर्णन आहे, पण निळ्या रंगासाठी नेमका शब्द नाही. समुद्राला तो द्राक्षासवाची उपमा देतो. नऊ वर्षांनी, १८६७ मध्ये, लाझारस गायगर या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने फ्रँकफुर्टच्या व्याख्यानात वेदसूक्तांकडे बोट दाखवले. सूर्य, उषा, मेघ, वीज, आकाश यांवर हजारो ऋचा, पण आकाशाला कोठेही निळे म्हटलेले नाही, असे त्याचे म्हणणे. १८७७ मध्ये ह्यूगो मॅग्नुस या नेत्रवैद्याने त्यावरून सिद्धान्तच मांडला की मानवाची रंगदृष्टी टप्प्याटप्प्याने विकसित झाली आणि प्राचीनांना निळा रंग नीट दिसतच नसे.

ज्या देशाने जगाला निळा रंग विकला, त्या देशाच्या पूर्वजांना तो दिसत नव्हता, असे सांगण्याचे हे धाडस! शब्दकोशातला खण रिकामा दिसला म्हणून डोळेच सदोष ठरवणे ही ग्रंथालयात बसून केलेली चूक होती. उत्तर ग्रंथालयात नव्हते, रंगाऱ्याच्या हौदात होते.

नीळ हे एक झुडूप आहे. शेंगवर्गीय, बारीक पानांचे, पाहताना अगदी सामान्य. त्याच्या हिरव्या पानांत निळा रंग तयार स्थितीत नसतो. पाने पाण्यात भिजत घालून आंबवावी लागतात. मग पाणी पिवळसर हिरवे होते. ते ढवळून, बडवून त्यात हवा मिसळली की रंग निळा होऊन तळाशी बसू लागतो. तो गाळ वाळवला की नीळीच्या वड्या तयार. या वड्या पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून कापड रंगवताना त्या पुन्हा आंबवणीच्या हौदात उतरवाव्या लागतात. हौदातून कापड बाहेर येते तेव्हा ते पिवळे-हिरवे असते आणि रंगाऱ्याच्या हातातच, वारा लागताच, निळे होत जाते. एकदा बुडवले तर फिकट, चार वेळा बुडवले तर गडद. बुडवत राहिले तर असा रंग चढतो की दिव्याच्या उजेडात त्याला काळाच म्हणावे लागते.

सगळे कोडे येथेच उलगडते. ‘नीळ’ हे रंगपट्टीवरच्या एका ठिपक्याचे नाव नव्हते, ते एका द्रव्याचे नाव होते. ते द्रव्य वडीच्या रूपात काळे, हौदात हिरवे आणि कापडावर फिकट अस्मानीपासून काळ्यापर्यंत कोणत्याही पायरीवर थांबणारे. पाणिनीच्या सूत्रांवरील व्याकरणपरंपरा याला दुजोरा देते. कशाने तरी रंगवलेल्या वस्तूला कोणता शब्द लागतो, याची चर्चा करताना ती सांगते की ‘नीली’ने, म्हणजे नीळीने, रंगवलेले ते ‘नील’. वैयाकरणांच्या या फोडीत वनस्पती आणि हौद आधी येतात, रंग मागाहून.

ग्रीक आणि रोमन व्यापाऱ्यांचाही हाच अनुभव होता. ‘पेरिप्लस’मध्ये सिंधूच्या मुखाशी असलेल्या बार्बरिकॉन या बंदरातून निर्यात होणाऱ्या मालाची यादी आहे. लहानसे किनारी गाव, पण यादी भरगच्च : सुगंधी द्रव्ये, रत्ने, चिनी रेशीम आणि ‘भारतीय काळे’. हे ‘भारतीय काळे’ म्हणजे नीळ, असे बहुतेक अभ्यासक मानतात. रोमन लेखक प्लिनी याच शतकात लिहितो की भारतातून येणारे हे द्रव्य पाहताना काळे दिसते, पण पातळ केले की त्यातून जांभळ्या आणि निळ्याचे अद्भुत मिश्रण प्रकट होते. अमरकोशकार आणि प्लिनी यांनी एकमेकांना वाचलेले नव्हते. दोघांच्याही परिचयाची वस्तू मात्र एकच होती, म्हणून काळ्याशी असलेले तिचे नाते दोघांकडेही आढळते.

निळा दिसतच नसता तर अजिंठ्याचे काय करायचे, हाही प्रश्न उरतोच. पाचव्या शतकात तेथील चित्रकारांनी अफगाणिस्तानातल्या बदख्शानातून येणारा राजवर्त दगड कुटून निळा रंग वापरला. शेकडो कोस दूरचा महाग दगड, न दिसणाऱ्या रंगासाठी, कोणी आणत नाही.

साहित्यात नीळ कशी आली, हे पाहताना हौदाचा वास सुटत नाही. पंचतंत्रातला चण्डरव नावाचा कोल्हा सर्वांना ठाऊक आहे. कुत्र्यांना घाबरून पळताना तो नीळीच्या भांड्यात पडतो, अनोख्या रंगामुळे जंगलाचा राजा होतो आणि कोल्हेकुई ऐकून स्वतःही ओरडला तेव्हा मारला जातो. ही गोष्ट दुसऱ्या कोणत्याही रंगाने चालली नसती. हळद पहिल्या पावसात उतरली असती, कुसुंब्याचा लाल उन्हात विटला असता. नीळ जात नाही, म्हणूनच कोल्ह्याचे राज्य काही दिवस टिकले. (संस्कृतात त्या हौदाला ‘नीलीभाण्ड’ म्हणतात. पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भंडाऱ्याचा एक माणूस नीळ हे नाव घेऊन वावरतो, हा निव्वळ योगायोग. त्यावर व्युत्पत्तीचा मनोरा उभारण्याचा मोह आवरावा.)

चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त तर प्रेमाचीच वर्गवारी रंगद्रव्यांवरून केली. कुसुंब्यासारखे प्रेम झळकते आणि उडून जाते. मंजिष्ठेसारखे झळकते आणि टिकतेही. नीळीसारखे प्रेम फारसे झळकत नाही, पण मनातून जातही नाही. रंगाऱ्याच्या अंगणात कधीतरी उभा राहिलेला माणूसच असे लिहू शकतो.

पण या द्रव्याला दुसरी बाजूही होती आणि ती धर्मशास्त्रात दिसते. आपत्काळी वैश्यवृत्ती पत्करणाऱ्या ब्राह्मणाने काय विकू नये, याची यादी मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे. त्यात मद्य आणि लाखेच्या सोबतीने नीळही आहे. नंतरच्या स्मृतींनी नीळीने रंगवलेले वस्त्र नेसण्यावर प्रायश्चित्ते सांगितली. आंबवणीचा वास, कुजणारी पाने, त्यांत हात बुडवून काम करणारा कारागीर, हे सारे शुचितेच्या कल्पनेला मानवणारे नव्हते. द्रव्य निषिद्ध, पण नाव मात्र पूज्य. कारण नीलकंठ शिवाचे आणि नीलवर्ण विष्णूचा. नीळभट्टासारखे नाव ब्राह्मणाच्या घरात ठेवले जाई, पण नीळीचा हौद त्याच्या अंगणात चालत नसे. हा विसंवाद त्या काळी कोणाला खटकला असेल असे वाटत नाही. शब्द देवळात आणि द्रव्य गावकुसाबाहेर, अशी विभागणी आपल्याकडे अनेक बाबतींत सुखाने नांदली आहे.

मराठीत हा शब्द उतरला तेव्हा तो काळ्याचा शेजार सोडून आलेला नव्हता. ज्ञानेश्वरांच्या अभंगगाथेत निळ्या रंगात सारी सृष्टी बुडवणारे अभंग आहेत; तेथे निळा हा कृष्णाचा आणि म्हणून सर्वव्यापी. त्यांच्या नंतरच्या विष्णुदास नाम्याच्या गौळणीत रात्र, घागर, यमुनेचे पाणी आणि कृष्ण सारे काळे आहे. एकच देव, एकच नदी. एका कवीला निळी, दुसऱ्याला काळी. दोघांतला कोणी चुकलेला नाही. दोघेही एकाच हौदाच्या निरनिराळ्या पायऱ्यांवर उभे आहेत. चक्रधरांच्या पंथातही कृष्ण हा पंचकृष्णांपैकी एक, आणि या पंथाचे संन्यासी दीर्घकाळ काळसर वस्त्रांवरून ओळखले जात.

भंडारा जिल्ह्यातल्या कोका अभयारण्यात आजही याचा जिवंत पुरावा फिरताना दिसतो. ज्याला ग्रंथांतून नीलगाय म्हणतात आणि वैदर्भीय शेतकरी ‘रोही’ म्हणतो, त्या प्राण्याचा पूर्ण वाढलेला नर पाहावा. आकाशी रंगाचा लवलेश त्याच्या अंगावर नसतो. राखेत काळे मिसळावे आणि त्यावर निळसर झाक पडावी, असा तो रंग. ज्याने या प्राण्याला नील म्हटले, त्याने डोळसपणे म्हटले. शब्दाचा अर्थ पुढे आपण आकसून घेतला.

तेव्हा नीळभट्ट हे नाव वाचताना सावळा, मेघवर्णी, देवाच्या रंगाचा असा अर्थ मनात ठेवावा. तो माणूस दिसायला कसा होता, हे नावावरून ठरत नाही. पण त्याच्या आईबापांनी हे नाव ठेवताना कोणत्या रंगाचा उच्चार केला, ते मात्र ठरते.

शब्दाचा अर्थ आकसला तो बराच नंतर, आणि त्याआधी शब्दाने समुद्र ओलांडले. फारसीत ‘नील’, अरबीत उपपदासह ‘अन्-नील’, त्यावरून पोर्तुगीज ‘अनिल’. (वाऱ्याचा अनिल वेगळा, त्याचे याच्याशी नाते नाही.) १८४० च्या सुमारास फ्रित्शे या रसायनशास्त्रज्ञाने नीळीपासून एक तेलकट द्रव मिळवला आणि पोर्तुगीज नावावरून त्याला ‘अनिलिन’ म्हटले. कृत्रिम रंगांचा अवघा उद्योग या द्रवावर उभा राहिला. त्याच उद्योगाने मूळ झाडाचा घास घेतला : जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीने १८९७ मध्ये कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली आणि भारतातली नीळीची शेती काही वर्षांत कोसळली. त्या शेतीनेही कोणाचे भले केले नव्हते. बंगालमध्ये १८५९ मध्ये रयत मळेवाल्यांविरुद्ध उठली होती आणि १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला गेले ते नीळीच्या सक्तीमुळेच.

मराठी घरांत पांढऱ्या कपड्यांना ‘नीळ’ देण्याची पद्धत मात्र टिकून राहिली. ती पुडीतली नीळ झाडाची नव्हती. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये राजवर्त दगडाला पर्याय म्हणून शोधलेल्या कृत्रिम रंगाची ती पूड होती. म्हणजे अजिंठ्याच्या महागड्या दगडाची स्वस्त नक्कल झाडाचे नाव घेऊन न्हाणीघरात आली. वस्तू बदलली, शब्दाने जागा सोडली नाही. पण या पुडीला काळ्यापर्यंत जाणाऱ्या पायऱ्या नव्हत्या. ती एकच छटा दाखवी : उजळ, स्वच्छ, आकाशाची. आज मराठी मूल निळा म्हणून ज्या रंगाकडे बोट दाखवते तो घडण्यात या पुडीचा, छापील पुस्तकांतल्या शाईचा आणि शाळेतल्या रंगपेटीचा वाटा पंचतंत्रातल्या हौदापेक्षा मोठा असावा.

याच उजळ निळ्याला विसाव्या शतकात आणखी एक अर्थ मिळाला आणि त्यातही भंडाऱ्याचे नाव येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना केली. तिचा ध्वज निळा होता. त्यामागे स्मृतींतला नीळीचा निषेध होता, असे म्हणण्यास पुरावा नाही आणि तसा तर्क लढवूही नये. तरीही ज्या द्रव्याला शास्त्राने गावकुसाबाहेर ठेवले होते, त्याचाच रंग गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांनी खांद्यावर घेतला, ही घटना इतिहासात घडलेली आहे.

१९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक लागली. तेव्हा हा मतदारसंघ दोन सदस्यांचा होता : एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. राखीव जागेसाठी फेडरेशनतर्फे स्वतः बाबासाहेब उभे राहिले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी त्यांचा पराभव केला. सर्वसाधारण जागेवर समाजवादी नेते अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेबांची ही अखेरची निवडणूक ठरली. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, भंडाऱ्याहून साठ-पासष्ट किलोमीटरवर असलेल्या नागपुरात त्यांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.